हिरवट काळा रंग

मी शाळेत लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. राहायला फणसवाडीत, शाळा लालबागला. रोज सकाळी ट्रामने जायचं आणि दुपारी ट्रामने यायचं. शाळा मुलींची होती आणि तिसरीचा वर्ग माझ्याकडे होता. चित्रकलेला वेगळा शिक्षक नव्हता, म्हणून तो तासही माझ्याच गळ्यात पडला.

माझ्या आधीच्या बाई फळ्यावर एक आंबा काढायच्या आणि पंचेचाळीस मुली आपापल्या पाटीवर तोच आंबा काढायच्या. सगळ्यांचे देठ उजवीकडे. पहिले दोन महिने मीही आंबाच काढला. मग एका शनिवारी फळ्याकडे पाठ करून उभी राहिले आणि म्हणाले, "आज फळ्याकडे बघायचं नाही. आपला हात समोर धरा. हाताचा रंग कोणता?"

"काळा, बाई." "गोरा, बाई." एक जण म्हणाली, "माझा सावळा, पण आई म्हणते निमगोरा."

"नीट बघा. नखाखाली कोणता? मनगटावर कोणता? दोन बोटांच्या मधे?"

पाच मिनिटांनी एका मुलीने किंचाळून सांगितलं की तिच्या मनगटात हिरवी रेघ आहे. मग सगळ्याच जणी एकमेकींची मनगटं ओढून बघायला लागल्या. असा गोंगाट त्या वर्गात मी त्याआधी ऐकला नव्हता.

कागद मी गिरगावातून आणायचे. माझे मामा छापखान्यात कामाला होते. कागद कापून उरलेल्या पट्ट्या ते बांधून ठेवायचे. रंग आम्ही घरचेच केले. हळद, कुंकू, गेरू, कपड्यांना घालायची नीळ, काजळी. लालबागच्या मसाल्याच्या गिरणीत एका मुलीची मावशी कामाला होती, ती जमिनीवर सांडलेली हळद पुडीत बांधून पाठवायची. खराट्याच्या हिराला कापूस गुंडाळला की ब्रश झाला. नियम एकच होता. चित्र झालं की उभं राहून त्याबद्दल दोन वाक्यं बोलायची, आणि कुणी हसायचं नाही.

दिवाळीपर्यंत वर्ग बदलला. ज्यांना पाढे येत नव्हते त्या चित्राबद्दल बोलायला सगळ्यांच्या आधी हात वर करायला लागल्या. गणितात कायम नापास होणारी एक मुलगी तीन मजली माडी काढून "हे आमचं घर नाही, पण होणार आहे" असं ठणकावून सांगायची. मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, हे सगळं फारसं पसंत नव्हतं. पण मुली वेळेवर येतात आणि खाडे करत नाहीत हे हजेरीपटावर त्यांना दिसत होतं, म्हणून त्या गप्प होत्या.

शेवटच्या बाकावर खिडकीजवळ एक मुलगी बसायची. आठ-नऊ वर्षांची, मालवणकडची. वडील कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. ती वर्गात बोलायची नाही. नाव घेतलं की नुसती उभी राहायची. मुली तिला मुकी म्हणायच्या. तिने एकदा चाळीतल्या नळावरची रांग काढली. माणूस एकही नाही, नुसती भांडी: हंडे, कळश्या, बालद्या, एक तुपाचा डबा. एकही भांडं दुसऱ्यासारखं नव्हतं. एका हंड्याला तिने पोटाशी खळगा काढला होता.

"हा असा का गं?" मी विचारलं. उत्तराची अपेक्षा नव्हती.

"पोचलो हा," ती म्हणाली. म्हणजे त्याला पोचा आला होता.

सगळा वर्ग मागे वळला. मी ते चित्र खळीने भिंतीवर चिकटवलं. मधल्या सुट्टीत ती एकटीच त्याच्यासमोर उभी होती, हात मागे बांधून, एखाद्या मोठ्या माणसासारखी. त्यानंतर ती अधूनमधून एखादा शब्द बोलायला लागली. मला फार अभिमान वाटायचा. तिचा, आणि खरं सांगायचं तर माझाही.

मग छप्पनचा जानेवारी आला, मुंबईसाठीचे मोर्चे आणि गोळीबार घेऊन.

त्या दिवसांबद्दल पुष्कळांनी सांगितलं आहे. मी माझ्यापुरतं सांगते. फणसवाडीत आमच्या खिडक्या चार दिवस बंद होत्या. रस्त्यावरून आधी घोषणा ऐकू यायच्या, मग पळणाऱ्या पावलांचा आवाज, मग फटाफट असे आवाज, आणि मग काहीच नाही. शेवटचं सर्वांत वाईट. आई देवापाशी बसून राहायची. वडील म्हणायचे, "लालबागला याहून वाईट आहे म्हणतात." मी वर्गातल्या मुलींची नावं मनात एकेक करून घ्यायचे आणि मधेच कुठलं तरी नाव आठवेनासं व्हायचं.

शाळा उघडली त्या सोमवारी पंचेचाळीसपैकी सतरा मुली आल्या. संध्याकाळचा कर्फ्यू अजून उठला नव्हता, म्हणून शाळा दुपारी लवकर सुटायची. नाक्यावर पोलिसांची गाडी उभी होती. रस्त्यावर धुतल्याच्या खुणा होत्या, आणि कशासाठी धुतलं हे कुणी विचारत नव्हतं. मोठ्या बाईंनी आम्हा सगळ्या शिक्षिकांना बोलावलं. "वर्गात काहीही बोलायचं नाही. कुणाचे वडील कुठे होते, कोण आलं नाही, का आलं नाही, काही विचारायचं नाही. पोलिसांचे कान कुठे असतील सांगता येत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या मुलींना चित्रं काढू देत. पण भिंतीवर एकही नको."

सतरा मुलींना नवा धडा कसा शिकवणार? मी रोजच चित्रकलेचा तास घ्यायला लागले. मला वाटलं, निदान त्यांचे हात गुंतून राहतील.

त्या सोमवारी नेहमी एकमेकींचे हिर पळवणाऱ्या मुली खाली मान घालून काढत होत्या. एकीने रस्ता काढला, त्यावर नुसत्या चपला. एकीने खिडकी काढली आणि ती काजळीने पूर्ण भरून टाकली. दोन वाक्यं बोलायला मी कुणालाच उठवलं नाही. मोठ्या बाईंचं बोलणं कानात होतं.

शेवटच्या बाकावरच्या मुलीने गोधडी काढली होती. ठिगळाठिगळांची, प्रत्येक ठिगळाची नक्षी निराळी. गोधडीखालून एक पाऊल बाहेर आलं होतं, हळदीने रंगवलेलं.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "गोधडी किती सुरेख काढलीस! हे ठिगळ तर लुगड्याच्या काठाचं आहे ना?"

ती माझ्याकडे बघत राहिली. कशाची तरी वाट बघितल्यासारखी. मी पुढच्या बाकाकडे गेले.

मंगळवारी तिने पुन्हा पायच काढला. गोधडी आता गुडघ्यापाशी सरकली होती, पाय मोठा झाला होता आणि कुंकवाने लाल केला होता. मधे एक पांढरी जागा सोडली होती, चकाकी दाखवायला. ती युक्ती मीच त्यांना शिकवली होती, पितळेच्या तांब्याची चकाकी दाखवताना. मला वाटलं, ती तिच्या लक्षात राहिली. मी तिला तसं म्हणालेही.

बुधवारी शाळा बंद होती, कुठेतरी पुन्हा काही झालं होतं.

गुरुवारी पाय जांभळा होता. नीळ आणि कुंकू एकत्र करून तिने तो रंग केला होता. चित्रात खोली आली होती, बंद दार आलं होतं, आणि पाय दारापेक्षा मोठा होता. चित्र माझ्यापुढे ठेवून ती तिथेच उभी राहिली. आणि तिने स्वतःहून, सहा महिन्यांत पहिल्यांदा, मला प्रश्न विचारला.

"बाई, हिरवट काळो रंग कसो करतत?"

मला इतका आनंद झाला! वाटीत हळद घेतली, त्यात नीळ, मग काजळीची चिमूट. "हा बघ. भिंतीवरच्या शेवाळासारखा हवा का?"

"नाय. त्याहून काळो."

मी आणखी काजळी घातली. तिने बोट बुडवून बघितलं आणि मान हलवली. हाच. घरी न्यायला म्हणून मी तो रंग तिला पुडीत बांधून दिला.

त्या रात्री जेवताना मी वडिलांना सांगितलं की माझी मुकी मुलगी आज बोलली. वडील म्हणाले, "काय बोलली?" मी सांगितलं. "असा रंग कशाला लागला तिला?" ते म्हणाले. मी म्हटलं, चित्राला. पण रात्रभर तो प्रश्न डोक्यात राहिला.

शुक्रवारी ती चित्र घरूनच काढून घेऊन आली. पाय पोटरीपर्यंत काळा होता, बोटं अगदी काळी, आणि काळ्याच्या कडेने तो हिरवट रंग एका रेघेसारखा वर चढत गेला होता. पायावर चार माश्या. बाजूला एक बाई पदराने नाक झाकून बसलेली. आणि कोपऱ्यात एक लहान मुलगी, तिच्या तोंडावर त्याच बाईचा हात.

वर्गात सतरा मुली होत्या आणि मी खुर्चीवर बसून राहिले. आधीची तीन चित्रं कपाटात होती, ती काढून बघितली. मग तिच्या बाकापाशी गेले आणि अगदी हळू विचारलं, "कुणाचा पाय आहे गं?"

तिने मान खाली घातली. बोलायचं नाही असं तिला बजावलं असणार, आणि ती बोलली नाही.

शाळा सुटल्यावर मी चारही कागद पिशवीत घातले आणि तिचा हात धरून निघाले. मोठ्या बाईंना सांगितलं नाही. तिचा हात घामाने ओला झाला होता. चाळीच्या बोळात माणसं गटागटाने उभी होती. आम्ही जवळ गेलो की बोलणं थांबायचं आणि पुढे गेलो की पुन्हा सुरू व्हायचं. दुसऱ्या मजल्यावर तिची खोली. दार बंद. बाहेरपर्यंत धुपाचा वास येत होता, आणि धुपाखालून दुसरा एक वास.

तिच्या आईने दार बोटभर उघडलं. "ह्ये गावाक गेलेत. घरात कोण नाय."

"मी शाळेतली बाई. तुमच्या मुलीची."

ती मुलीकडे वळली आणि तिने फाडकन तिच्या तोंडात मारली. "सांगलंस शाळेत? सांगलंस?"

"मी काय्येक सांगूक नाय," मुलगी रडता रडता म्हणाली. "मी फकत काढलंय."

आतून पुरुषाचा आवाज आला, ओढलेला. "बाईंका आत येव दे गो."

लुगड्याच्या पडद्यामागे तो पडला होता. तिशीचा माणूस, तापाने डोळे लाल झालेले. गोळी पोटरीतून आरपार गेली होती. तो मोर्चात होता की नुसता नाक्यावर उभा होता हे मी विचारलं नाही, तेव्हाही आणि नंतरही. पहिल्या दिवशी ओळखीचा एक कंपाउंडर येऊन पट्टी बांधून गेला होता. तो पुन्हा आला नाही, घाबरला. मग हळद, चुना, कुणी सांगितलेला पाला.

"हॉस्पिटलात गेलंय तर थयसून सरळ लॉकअपात नेतले," तो म्हणाला. "मिलात नाव कळला की काम गेला."

"पाय सुधारता हा," त्याची बायको म्हणाली. "कालच्यापेक्षा बरो हा." ती हे इतक्या पटकन म्हणाली की रोज किती वेळा म्हणत असेल ते मला समजलं.

मी तिच्याशी वाद घातला नाही. पिशवीतून चारही कागद काढले आणि जमिनीवर ओळीने मांडले. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार. खोलीत उजेड कमी होता म्हणून दार उघडलं. त्या बाईने पहिला कागद बघितला, मग दुसरा. चौथ्यापाशी ती खाली बसली. तिने लेकीकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या पायावरची गोधडी स्वतःच बाजूला केली आणि बहुतेक पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं.

"हातगाडी आणा," ती बाहेर येऊन कुणाला तरी म्हणाली. आवाज अगदी साधा होता. मी चारही कागद पुन्हा पिशवीत घातले.

शेजारच्या चौघांनी त्याला उचलून खाली आणलं. कर्फ्यू लागायला दीड तास होता. हातगाडीवर तो, वर गोधडी, एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला मी आणि मुलगी. नाक्यावरच्या गाडीतून एक शिपाई उतरला.

"काय आहे गाडीवर?"

मी मास्तरणीच्या आवाजात म्हणाले, "गिरणीत पाय अडकला. दवाखान्यात नेतोय." आयुष्यात इतकं सहज खोटं मी कधी बोलले नव्हते.

"गिरण्या तर बंद होत्या," तो म्हणाला.

त्याने काठीच्या टोकाने गोधडीचा कोपरा वर केला. वास त्याच्या तोंडावर आला तसा तो एक पाऊल मागे झाला. मी त्याच्याकडे बघत होते आणि तो त्या मुलीकडे बघत होता. मग त्याने काठी काढून घेतली आणि पाठ केली. पुढच्या नाक्यापर्यंत आमच्यापैकी कुणीही मागे वळून पाहिलं नाही.

परळच्या मोठ्या दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टर तरुण होता, कित्येक दिवस झोपला नसावा असा. त्याने पट्टी कापली आणि वाकून बघितलं. "हे कधीपासून असं आहे?"

बायको म्हणाली, "चार दिवस. नाय, आठ." मग तिला रडू फुटलं. तो माणूस तापात काहीतरी पुटपुटत होता.

"काळं कधी पडायला लागलं? कुठून सुरू झालं? मला हे कळायला हवं."

मी तोंड उघडणार इतक्यात ती मुलगी पुढे आली. टेबलापाशी तिचं डोकं जेमतेम पोचत होतं. वर्गात मी सांगितलं होतं तशी सरळ उभी राहिली आणि बोलायला लागली.

"सोमवारी पिवळो होतो, पण ती हळद होती, आईन लावलेली. मंगळवारी लाल, नि चकचकीत, हयपर्यंत." तिने आपला फ्रॉक वर करून स्वतःच्या घोट्यावर बोट ठेवलं. "बुधवारी जांभळो होवक लागलो. गुरुवारी सकाळी बोटां काळी. सांजेक हयपर्यंत काळो, नि वर हिरवट रेघ. आज सकाळी रेघ हय होती." बोट पोटरीच्या वर गेलं. "आता आणखी वर गेली हा."

डॉक्टरने तिला मधे थांबवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "सकाळपासून किती वर गेली?"

तिने चार बोटं जोडून आपल्या पायावर ठेवली.

तो लगेच वळला आणि कुणाला तरी म्हणाला, "उद्यावर टाकायचं नाही. आत्ता." मग बायकोला म्हणाला, "पाय काढावा लागेल. गुडघ्याच्या वरून. नाही म्हणालात तर माणूस राहणार नाही." ती लेकीकडे बघत होती. तिने मान हलवली आणि अंगठा उठवला.

तो वाचला. खाटेपाशी महिनाभर पोलीस बसला होता. मग काय झालं कुणास ठाऊक, त्याला सोडून दिलं. एका पायाचा साचेवाला कुणालाच नको होता, पोलिसांनाही आणि गिरणीलाही.

मला मात्र शाळेत विचारायला माणूस आला. साध्या कपड्यातला, फार सौम्य बोलणारा. त्या दिवशी मी चाळीत कशी गेले, मला कुणी सांगितलं, आणखी कुणाकुणाच्या घरी अशी माणसं आहेत. मी म्हणाले, मुलगी रडत होती म्हणून गेले. तो म्हणाला, "तुमच्या वर्गात मुली चित्रं फार छान काढतात असं ऐकलं." मग उठला आणि भिंतींवरून नजर फिरवून गेला. भिंती कोऱ्या होत्या. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "घरी काही असेल तर ठेवू नका." दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते चारही कागद बंबात घातले. आजही वाटतं, निदान एक ठेवायला हवा होता. आणि तेव्हाच हेही वाटतं की ठेवला असता तर मी तो कधी बघू शकले नसते.

त्या आठवड्यात मुली परत यायला लागल्या, पण चित्रांत नुसती फुलं आली. कुंडीतली, फुलदाणीतली, एकाच देठावरची पाच-पाच. आयांनी सांगितलं असणार. एकीने मला विचारलंच, "बाई, आता आम्ही खरं काढायचं नाही का?" मी म्हणाले, फूलही खरंच असतं. ती मुलगी हुशार होती. ती माझ्याकडे बघून नुसती हसली.

शेवटच्या बाकावरची मुलगी पंधरा दिवसांनी आली. आता ती बोलायची. उत्तरं द्यायची, पाढे म्हणायची, कुणी मुकी म्हटलं तर वळून जाब विचारायची. पण चित्रकलेच्या तासाला हात मांडीवर ठेवून बसायची. मी तिला एकदाही कागद दिला नाही, तिनेही मागितला नाही.

गोधडीची मी स्तुती केली तो सोमवार मी पुष्कळदा मोजला आहे. त्या दिवशी विचारलं असतं तर कदाचित पाऊलच गेलं असतं, गुडघा राहिला असता. कदाचित काहीच गेलं नसतं. पुढे मी तेहतीस वर्षं शिकवलं. मुलांना मी चित्रं काढायला लावली, कारण त्याने ती उभी राहतात हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. पण चित्र फार चांगलं असलं की शाबासकी द्यायच्या आधी मी बाकावर शेजारी बसून विचारायचे, हे कुठे पाहिलंस?

मार्चमध्ये ते कुटुंब गावी जायला निघालं. आई आणि मुलगी दाखला न्यायला आल्या. दाखल्यावर गावाचं नाव चुकलं होतं. मुलीनेच मोठ्या बाईंना सांगितलं, अक्षर न् अक्षर म्हणून, आणि दुरुस्त करून घेतलं. तिची आई माझ्याशी बोलली नाही. रागावली होती की आणखी काही, मला तेव्हाही कळलं नाही.

मामांकडचे कागद मी एका दोरीने बांधून ठेवले होते. ते मुलीपुढे धरले. तिने घेतले नाहीत, आईकडे पाहिलं.

"घे," आई म्हणाली.

मी गावच्या पत्त्यावर तीन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. ती पुढे काय काढत होती, काढत होती की नाही, मला माहीत नाही.